अडीच महिन्यांचं मेण

"थांबा, खरवडू नका."

मी पर्समधून नाणं काढून त्याची कड गाडीच्या बॉनेटला लावणार, एवढ्यात मागून आवाज आला. ग्रंथालयासमोरच्या झाडाखाली तासभर गाडी उभी होती, आणि तेवढ्यात कुठल्याशा पाखराने बॉनेटच्या बरोबर मधोमध आपली सही करून ठेवली होती. उन्हाने ती वाळून कडक झाली होती.

मी वळून पाहिलं. ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरून एक उंच, किडकिडीत माणूस येत होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बगलेत जाडजूड पुस्तक, आणि बोटांच्या पेरांना कसली तरी पांढरट पूड. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. गाडीकडे पाहिलं.

"पाणी आहे तुमच्याकडे?"

मी बाटली दिली. त्याने खिशातून घडी घातलेलं मऊ फडकं काढलं, भिजवलं, आणि तापलेल्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं अलगद त्या डागावर ठेवलं.

"आता दहा मिनिटं."

"दहा मिनिटं काय?"

"थांबायचं."

"मला कामावर पोचायचंय."

"नाण्याने एका मिनिटात झालं असतं," तो शांतपणे म्हणाला, "आणि मग तुम्ही ओरखडा जन्मभर बघत बसला असतात."

मी थांबले. का थांबले, ते आज चाळीस वर्षांनीही नीट सांगता येणार नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि कुणाचं ऐकायची मला फारशी सवय नव्हती.

"तुम्ही सगळ्यांना असं रस्त्यात थांबवून ठेवता का?"

"नाही. नाणं काढणाऱ्यांनाच."

हे तो हसून म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. पण तो हसला नाही. फडक्याकडे बघत, गॅसवर दूध ठेवलेल्या माणसासारखा उभा राहिला. मीही उभी राहिले — आणि माझ्या लक्षात आलं, की अनोळखी माणसाशेजारी काही न बोलता इतका वेळ उभं राहणं मला जड जात नव्हतं.

दहा मिनिटांनी त्याने फडकं उचललं. डाग त्याच्याबरोबर निघून आला. मग तो खाली वाकला, रंगावरून तिरकी नजर फिरवली आणि तळहात टेकवला.

"हिच्या अंगावर काहीच नाही. मेण शेवटचं कधी लावलं होतं?"

"वडील लावायचे."

"मग त्यांना सांगा..."

"ते गेले. अकरा महिने झाले."

वाईट वाटलं, असं सगळेच म्हणत. तो म्हणाला नाही. त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मेण त्याच्याही आधी उतरलंय," तो म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांना जमलं नसणार."

खरं होतं. शेवटचे सहा महिने बाबा खिडकीतूनच गाडी बघायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि या माणसाने ते गाडीच्या पाठीवर वाचलं होतं.

"पुलापलीकडे माझं दुकान आहे. गाडीच्या रंगाची निगा राखतो," तो म्हणाला. "वाटलं तर या."

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्ट्या बघायच्या. त्या दिवशी उशिरा का आले, हे शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो नावाचा.

"नाव विचारलं नाही गं. दहा मिनिटं थांबवून ठेवलं, एवढंच."

"मग दहामिनिटे," ती काचपट्टीवरून डोळा न काढता म्हणाली. "चांगलं आडनाव आहे. शोभेल तुला."

आठवड्याभराने मी गाडी घेऊन पुलापलीकडे गेले. आडनावासाठी नव्हे, रंगासाठी — असं मी स्वतःला बजावून गेले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. खिडक्या अशा बाजूला, की ऊन आत कधीच येऊ नये. कंबरेइतक्या उंचीवर भिंतीला आडव्या ट्यूबलाइट लावलेल्या. वरचा उजेड गाडीला खोटं सुंदर करतो, तो म्हणाला, आडवा उजेड खरं सांगतो. दोरीवर ओळीने फडकी वाळत होती, आणि खोलीभर एक गोडसर, पेटीत ठेवलेल्या जुन्या कापडासारखा वास होता.

त्याने गाडी धुऊन कोरडी केली. मग एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी स्वतःच्या हातात घातली, आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

"डोळ्यांवर जाऊ नका. हात फिरवा."

"माझा पगारच डोळ्यांचा आहे."

"म्हणूनच सांगतोय."

मी पिशवीतला हात बॉनेटवरून फिरवला आणि दचकले. जे मला आरशासारखं दिसत होतं, ते पिशवीखाली वाळूसारखं खरखरत होतं. धूळ, डांबर, धूर... नुसत्या बोटांना यातलं काही कळलं नव्हतं. पलीकडून त्याचा हात सरकत आला. दोन पिशव्या एकमेकींपासून चार बोटांवर थांबल्या. कुणीच आधी हात मागे घेतला नाही. मग त्याने घेतला.

"आधी हे सगळं काढायचं," तो एकदम कामाचं बोलू लागला. "मग हलकं पॉलिश. पॉलिश म्हणजे रंगाचाच एक पापुद्रा काढणं. तो गेला की गेला, परत घालता येत नाही. आणि त्यावर संरक्षण. त्यात दोन प्रकार."

त्याने फळीवरून एक चपटा पत्र्याचा डबा काढला आणि एक बाटली.

"हे मेण. झाडाच्या पानांवरचं. गडद रंगावर असं खुलतं की रंग ओला वाटतो. पण अडीच महिने. मग उतरतं, पुन्हा लावावं लागतं. आणि हे सीलंट, नवीन आलंय. रसायन आहे. रंगाला घट्ट धरून बसतं. तेज थोडं कोरडं, पण वर्षभर बघायला नको."

"वर्षभर यायलाच नको?"

"यायलाच नको."

दोघेही त्या बाटलीकडे बघत राहिलो.

"गाडी झाडाखाली उभी असते," मी म्हणाले. "आणि मला वेळ नसतो."

"मग सीलंटच बरं," तो म्हणाला, जरा घाईनेच, आणि डबा फळीवर परत ठेवला.

निघता निघता मी चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराशी थांबले. मुठीखालच्या खोबणीत, निळ्या रंगावर, नखाच्या कोरीसारखे बारीक ओरखडे होते. एकावर एक, पन्नास-साठ तरी.

"यांना हात लावायचा नाही," मी म्हणाले. "बाबांच्या अंगठीचे आहेत. सतरा वर्षं रोज दार उघडताना..."

त्याने खाली बसून ते ओरखडे पाहिले, बोट न लावता.

"नाही लावणार," तो म्हणाला.

गाडी तीन दिवस तिथे राहायची होती. चौथ्या दिवशी मी आणायला निघाले तर आई चपला घालून दारात उभी. बाबा गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती.

गाडी खोलीच्या मधोमध उभी होती, आणि कालच रंगवल्यासारखी वाटत होती. दोरीवरच्या फडक्यांना निळा रंग लागला होता. पॉलिशने सोलून काढलेला आमच्याच गाडीचा रंग. मी कौतुकाने फेरी मारत दाराशी आले आणि मुठीखाली पाहिलं.

तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत, गडद निळं, स्वच्छ. सतरा वर्षांतलं एकसुद्धा वर्ष नव्हतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. पण तो आईकडे बघत होता. आई पुढे झाली होती, तिने दाराच्या मुठीखाली हात ठेवला होता, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा सैल पडला होता.

"बाकी सगळीकडे सीलंट आहे, मॅडम," तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला. "या दारावर मेण लावलंय. अडीच महिने टिकेल."

"आता किती महिने टिकतं, याचं मी काय करू?"

"मेण आहे," तो पुन्हा म्हणाला, एकेक अक्षर मोजल्यासारखं. "अडीच महिने."

"तुम्ही शब्द दिला होता."

त्याने तोंड उघडलं. आईकडे पाहिलं. मिटलं.

"चल आई," मी म्हणाले.

पुलावर गाडी आल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याच्यावर रागावू नकोस. मीच गेले होते परवा. म्हटलं, ते ओरखडे काढा, मला बघवत नाहीत."

"मला विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

घरी आम्ही दोघी एकाच टेबलावर जेवायचो आणि फक्त मीठ मागण्यापुरतं बोलायचो. आईवर रागावायचा मला हक्क नव्हता, हे कळत होतं. तिचा नवरा होता. म्हणून सगळा राग मी पुलापलीकडे नेऊन ठेवला. कामावर जायला लांबचा रस्ता धरला. ग्रंथालयाचं पुस्तक मुदत संपली तरी परत केलं नाही.

"दहामिनिटे काय म्हणतात?" मैत्रिणीने एकदा विचारलं.

"ते आडनाव बदललंय."

तिने डोळा वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तरी सकाळी गाडीवर पाणी मारताना मी त्या दाराकडे बघायचे. सवयच होती बघायची. सुरुवातीला तिथे पाण्याचे थेंब मण्यांसारखे गोल उभे राहायचे आणि घरंगळून जायचे. दीड महिन्याने ते चपटे झाले. मग पसरट. बॉनेटवर मणी तसेच होते, दारावर मात्र पाणी नुसतं ओघळायचं. हे मी रोज पाहिलं, आणि त्याचा अर्थ काय, हे एकदाही मनात आलं नाही. दिवसभर इतरांच्या रक्तातलं बारीकसारीक शोधणारी मी.

मग एके दिवशी सकाळचं ऊन अगदी तिरकं होतं. त्याच्या दुकानातल्या उजेडासारखं. मी किल्ली लावून मुठीखाली हात घातला आणि थबकले.

एक कोर. तिच्याशेजारी दुसरी. मग माझे डोळे सरावले आणि सगळ्याच दिसल्या. होत्या तशा, होत्या तिथे, एकावर एक.

मी किती वेळ तशीच वाकून उभी होते, कोण जाणे. मी विसरलेला जेवणाचा डबा घेऊन आई खाली आली होती. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता ही मागे फिरेल.

"आले," ती म्हणाली.

एवढंच. बाबा कामावरून यायचे, गाडीचा आवाज व्हायचा, तेव्हा स्वयंपाकघरातून ती हे असंच म्हणायची. आले. ती ओरखड्यांबद्दल बोलत होती की बाबांबद्दल, हे मी विचारलं नाही. तिने डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि एका बोटाने त्या खोबणीतून हलकेच चाचपलं.

"हजारदा सांगितलं असेल, अंगठी डाव्या हातात घाला. ऐकतील तर शपथ." मग थोड्या वेळाने, "राहू देत आता."

अडीच महिन्यांपूर्वी ती हे म्हणू शकली नसती. आणि अडीच महिन्यांपूर्वी कुणी ते कायमचे पुसले असते, तर आज तिला म्हणायला काही उरलंच नसतं. हे मला तेव्हा अर्धंच कळलं. पुरतं कळलं ते गेल्या वर्षी, तो गेल्यानंतर. त्याचा मेणाचा डबा खिडकीत असायचा. आतल्या मेणावर त्याच्या दोन बोटांचा खळगा पडलेला, बरोबर त्या बोटांच्या मापाचा. येता-जाता तो दिसायचा आणि माझा पाय अडखळायचा. शेवटी लेकीने विचारलं, "आई, टाकून देऊ का हा?" मी डब्याचं झाकण लावलं. मग म्हटलं, "सध्या वरच्या फळीवर ठेव." तिने ठेवला. डबा अजून तिथेच आहे. उतरवेन मी, माझ्या वेळेला.

तर त्या सकाळी मी कामावर गेलेच नाही. जवळचा रस्ता धरला.

तो एका लाल गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. मला पाहून उभा राहिला आणि हात फडक्याला पुसू लागला. हात स्वच्छच होते.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी दारातूनच विचारलं.

"बोललो होतो. दोनदा."

"मेण आहे, अडीच महिने — याला बोलणं म्हणतात?"

"त्यांच्यासमोर तेवढंच बोलता येत होतं." तो थांबला. "तुमच्या आई आल्या होत्या ना, तेव्हा मी त्यांना विचारलं, सध्या दिसायला नकोत, की कधीच दिसायला नकोत? त्यांनी उत्तर दिलं नाही. स्टुलावर बसून राहिल्या. ट्यूबलाइटकडे बघत. उत्तर मिळाल्याशिवाय मी रंगातलं काही काढत नाही. दारावर पॉलिश फिरवलंच नाही. त्या मेणात बारीक पूड असते, ती ओरखड्यांत जाऊन बसते. झाकतं ते, पुसत नाही."

"आणि मी आलेच नसते तर?"

"गाडी तर तुमच्याकडेच होती," तो म्हणाला. "आज ना उद्या दिसलंच असतं."

"मी गाडीचं नाही, तुमचं विचारते आहे. मी आले नसते तर तुम्ही काय केलं असतंत?"

त्याने दोरीवरचं एक फडकं सरळ केलं. ते सरळच होतं.

"ग्रंथालयात जातो मी रोज," तो म्हणाला. "पूर्वी आठवड्यातून एकदा जायचो."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मी गाडीच्या किल्लीकडे बघत म्हणाले, "आईने सांगितलंय, ओरखडे राहू देत. पण दार आता उघडं पडलंय."

"सीलंट लावून देतो. पारदर्शक असतं. ओरखडे दिसतील, आणि वर्षभर..."

"बिनपुडीचं मेण मिळतं?"

"मिळतं," तो गोंधळून म्हणाला. "पण ते उतरतं. सीलंट वर्षभर टिकेल."

"माहीत आहे मला."

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग वळला, आणि फळीवरून चपटा डबा काढताना त्याच्या हातून दुसरा एक डबा खाली पडला. घरंगळत लाल गाडीखाली गेला. तो त्याने तसाच राहू दिला.

"तुम्हीच लावा," तो म्हणाला. मेणाचा छोटा बोळा त्याने माझ्या हातात दिला. "पातळ. अजून पातळ. जेवढं कमी, तेवढं चांगलं."

मी मुठीखाली हात नेला. बाबांच्या कोरींवरून बोळा फिरवला, आईने बोट फिरवलं होतं तसा. रंगावर धुकट साय धरली. तो शेजारी खाली बसला होता, त्याच्या बाहीला माझी बाही लागत होती, आणि दोघांपैकी कुणाच्याच हातात आज पिशवी नव्हती.

"आता?"

"वाळू द्यायचं."

"किती वेळ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, गाडी समोर असताना, माझ्याकडे. आणि पहिल्यांदाच हसला.

"दहा मिनिटं."

आम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसून राहिलो. मग त्याने एका बोटाने मेण पुसून बघितलं, खालून निळा रंग लख्ख निघाला, आणि फडक्याच्या दोन हातांत सगळी साय गेली. ओरखडे जागच्या जागी होते, आता ओल्यासारखे चमकत.

मी गाडीत बसले, काच खाली केली.

"मग अडीच महिन्यांनी?" मी विचारलं.

तो फडक्याची घडी घालत होता. घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"सहा आठवड्यांत आलेलं बरं," तो म्हणाला. "हल्लीच्या उन्हाचा भरवसा नाही."

"मेण सहा आठवड्यांत उतरतं?"

"नाही," तो म्हणाला. "मेण नाही उतरत."

मी किल्ली फिरवली. गाडी दोन हात पुढे गेली असेल, तेव्हा मागून त्याचा आवाज आला. तोवर मला तो नेहमी 'या' म्हणायचा. वाटलं तर या, सकाळी या, गाडी न्यायला या. त्या दिवशी त्यातला काना गेला आणि मात्रा आली.

"उद्या ये," तो म्हणाला.